पोर्ट्रेट, रस्ता, निसर्ग की लग्न? दुसरी लेन्स घेण्याआधी

कॅमेरा आणि त्याच्यासोबतची १८-५५ मिमी लेन्स (मिमीचा आकडा मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं) हातात आली की प्रश्न पडतोच, आता नेमकं काय काढायचं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शिकणाऱ्याला मी सांगेन: पहिलं वर्ष पोर्ट्रेटला द्या, जोडीला रस्ता ठेवा. निसर्ग आणि लग्नं थांबू शकतात.

पोर्ट्रेटमध्ये समोरचा माणूस थांबतो, त्यामुळे उजेड बघायला सवड मिळते. बेळगावातल्या वडगाव या विणकरांच्या भागात एखाद्याच्या घरी ओळखीतून जाऊन बघा. पॉवरलूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही आणि उजेड येतो तो बहुतेक दारातूनच. विणकर मागावर वाकला की अर्धा चेहरा उजळतो, अर्धा काळोखात जातो. खुणेनं जरा दाराकडे वळायला सांगा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो आणि चेहरा जिवंत होतो. काळी बाजू फारच बुडत असेल तर पलीकडून पांढरा पुठ्ठा धरायचा. शटर (उजेड आत येण्याची वेळ) १/६० सेकंदाच्या आसपास ठेवलं तर सूत सांधणारे हात किंचित हलतात आणि चेहरा स्पष्ट राहतो. हे सगळं एकाच जागी उभं राहून, पुन्हा पुन्हा करून बघता येतं. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती?

यासाठी ५० मिमी एफ १.८ लेन्स पुरते (एफचा आकडा लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि स्पष्ट दिसणारा भाग कमी होतो). क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ती फुल फ्रेमवरच्या साधारण ७५ ते ८० मिमीसारखी वागते, चेहऱ्याला छान बसते. फक्त सारखं १.८ वर काढू नका. जवळून एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. २.८ बरं. १८ मिमीवर अगदी जवळ जाऊन चेहरा काढला की नाक मोठं दिसतं, तो दोष लेन्सपेक्षा अंतराचा आहे.

रस्त्यावर कोणी थांबत नाही. बेळगावच्या खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत सकाळी दुकानं उघडताना उभे राहा, माणसं तुमच्याकडे बघायचं विसरेपर्यंत. इथं ३५ मिमी बरी, सोबतची १८-५५ सुद्धा चालते, म्हणजे नवा खर्च शून्य. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारं सेटिंग) ३२०० च्या पुढे न्यायची तयारी ठेवा, फोटोत थोडा रवाळपणा आला तरी चालेल. मला रस्ता पोर्ट्रेटइतकाच आवडतो, पण नवख्याला तिथं चूक शोधता येत नाही: उजेड चुकला, वेळ चुकली की जागा चुकली, कळायच्या आत क्षण गेलेला असतो. आणि एक गोष्ट पाळाच: बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे छावणी भागात, लष्कराच्या हद्दीत कॅमेरा बाहेर काढू नका.

निसर्गाचं थोडक्यात सांगतो. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा. पावसाळ्यात घटप्रभा गढूळ होऊन कोसळते तेव्हाच त्याला खरा जोर असतो. ट्रायपॉड आणि अर्ध्या सेकंदाचं शटर, एवढ्यात काम होतं. पण हंगाम मोजक्या महिन्यांचा. खानापूरकडच्या भीमगडच्या जंगलात वनखात्याची परवानगी लागते आणि प्राण्यांसाठी ४०० मिमीची लेन्स; तो खर्च आत्ता नको.

पैसा मात्र लग्नांत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की स्टुडिओवाल्यांना मदतनीस हवेच असतात. पण अंतरपाट एकदाच खाली येतो. कार्यालयाचं छत उंच असलं की फ्लॅश वर मारून उजेड परत येत नाही, आणि तो कुठून आणायचा हे तिथं शिकत बसायला कोणी वेळ देत नाही. घरची गरज असेल तर पहिल्या हंगामापासून मदतनीस म्हणून जा, बिनदिक्कत जा, पण मुख्य विधींची जबाबदारी लगेच अंगावर घेऊ नका. गरज नसेल तर आधी ५० मिमी घ्या आणि आपल्याच गल्लीतली माणसं दारात बसवून काढायला लागा. काढलेल्या फोटोची एक प्रिंट ज्याची त्याला द्या. पुढच्या वेळी तो शेजाऱ्यालाही हाक मारून बसवतो.