टाइप-सी डोंगल लावून जुना वायरचा हेडफोन : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नवा फोन घेतला आणि घरी आल्यावर कळलं की याला हेडफोनचं भोकच नाहीये. माझा वायरचा हेडफोन सहा वर्षं जुना, कान पूर्ण झाकणारा, मी त्याच्यावरच तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून रियाज करते आणि शनिवारी ताईंचा ऑनलाइन क्लास असतो. सगळे म्हणाले ब्लूटूथ घे. घेतला, दोन आठवडे वापरला पण. गाणी ऐकायला छान होता, पण क्लास सुरू होऊन माइक चालू झाला रे झाला की ताईंचा आवाज डब्यातून आल्यासारखा, कारण ब्लूटूथ माइकसकट चालवायचं म्हटलं की तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि तो मोड बोलण्यापुरताच बनवलेला आहे, त्यात मींड काय ऐकू येणार. शिवाय कानात ठेका ठेवून त्याच फोनवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड केलं तर प्रत्येक समेला मी मागे! मला वाटलं माझीच लय बिघडली, दोन दिवस झोप नीट लागली नाही. नंतर समजलं की ब्लूटूथवर आवाज साधारण ०.१ ते ०.३ सेकंद उशिरा कानात पोचतो, आणि मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल तर ०.२ म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा गेलीच की.

मग स्टेशनबाहेरून ८० रुपयांचं डोंगल आणलं, म्हणजे फोनच्या टाइप-सी चार्जिंगच्या भोकात घालायचा छोटा जोड, ज्याच्या दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक असतं. लावलं तर आवाज नाहीच, वर फोनवर मेसेज, अ‍ॅनालॉग ऑडिओ अ‍ॅक्सेसरी या फोनला चालत नाही असा काहीतरी. मी हेडफोन घेऊन रिपेअरवाल्याकडे गेले, त्याने आपल्या जुन्या फोनला लावून बघितला, "ताई, हेडफोन एकदम ओके आहे, उगाच फेकू नका." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

खरी गोष्ट भाच्याने सांगितली. "आत्या, बाहेरून सारखी दिसतात पण डोंगल दोन जातींची असतात." एक नुसती वायर, ते गृहीत धरतं की फोन स्वतःच टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर सोडेल, आणि बरेच फोन ते करतच नाहीत. दुसऱ्यात एक बारीक चिप असते, डॅक म्हणतात, ती फोनकडून डिजिटल आवाज घेते आणि हेडफोनला लागतो तसा करून देते. वर काहीच लिहिलेलं नसेल तर टाइप-सी असलेल्या लॅपटॉपला लावून बघा, साउंडच्या यादीत नवीन नाव आलं तर चिप आहे. माझं दुसरं डोंगल ४५० ला पडलं, लावल्या लावल्या तानपुरा सुरू, जोडीच्या तारांची आस सुद्धा स्पष्ट, मी चक्क पाऊण तास नुसता सा लावत बसले.

तीन महिन्यांनी वेगळंच. गाणं लावलं तर तबला लांबून, व्हायोलिन येतंय, आणि गाणाऱ्या बाईंचा आवाजच गायब! अ‍ॅप काढून परत टाकलं, फोन रीस्टार्ट केला, काही नाही. आणि वैताग असा की हेडफोनचा प्लग जरा आत दाबला की बाई परत गायला लागायच्या. प्लगवर तीन काळ्या रिंगा असतात ना, म्हणजे चार तुकडे, डावा, उजवा, ग्राउंड (दोन्ही बाजूंची परतीची सामाईक वाट) आणि माइक. प्लग पूर्ण बसला नाही आणि ग्राउंड सुटला की दोन्ही बाजूंना सारखं असलेलं एकमेकांना मारून टाकतं, आणि मुख्य आवाज नेमका दोन्हीकडे सारखाच असतो. माझ्याकडे कारण काय, तर डोंगल लोंबू नये म्हणून मी त्याला रबराची टोपी घातली होती, तिची कड प्लग आत जाऊ देत नव्हती. टोपी काढली, संपलं. तुमचा प्लग पूर्ण बसूनही हेच होत असेल तर हेडफोन फार जुना आहे का बघा, पूर्वी काही हेडफोनमध्ये माइक आणि ग्राउंडची जागा उलटी असायची.

पाचव्या महिन्यात डोंगल आत जाऊन टिकेचना, हललं की बंद. चार्जरही सैल बसत होता, तिथे डोकं चाललं. फोन बंद केला, टॉर्च धरला, लाकडी टूथपिक चपटी तासून पोर्टच्या कडेकडेने फिरवली (मधल्या पट्टीला अजिबात धक्का लावायचा नाही, आणि सुई वगैरे तर नकोच) तर राखाडी रंगाचा दाबून बसलेला कापसाचा थर निघाला, कुर्त्याच्या खिशातला. नखाएवढा असेल. मग डोंगल टक् करून बसलं.

बहिणीच्या फोनवर हेच डोंगल आधी चाललं नाही, तिथे सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला बाहेरची उपकरणं जोडू देणारी सोय) बंद होतं, आणि काही वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. तिला दर वेळी चालू करावं लागतं.

त्रास म्हणाल तर चार्जिंग आणि हेडफोन एका वेळी होत नाही, म्हणून शनिवारी सकाळीच फोन फुल करून ठेवते. आणि डोंगलची वायर मानेपाशी उलायला लागलीये, सध्या टेप गुंडाळलाय. दुसरं मागवलंय, बॉक्सवर डॅक लिहिलंय ते बघूनच.