जिन्याखालचं वाचनालय: उजव्या हाताला बँडेज बांधून केलेला अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, २२ वर्षं लेथवर आहे. जूनमध्ये चालू जॉबला एमरी पेपर (घासायचा कागद) लावताना हातमोजा अडकला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. चूक माझीच, मोजा घालायचाच नसतो. दोन महिने घरी. टीव्हीला वैतागून अनगोळातल्या एका भाड्याच्या वाचनालयाचा सभासद झालो. डाव्या हातानं टाईप करतोय, चुका पोटात घाला.

अनामत ३०० रुपये, महिन्याला ८०, एका वेळी दोन पुस्तकं. जागा म्हणजे जिन्याखालची खोली. पाऊस लागला की पुढची दोन कपाटं प्लास्टिकखाली जातात, मग ‘द’ ते ‘म’ लेखक उघडीप होईपर्यंत विसरायचे. जी.ए. कुलकर्णी बेळगावकडचेच, तरी त्यांचं पुस्तक इथं कधी जागेवर नसतं. वाचनालय चालवणाऱ्या काकू म्हणतात, परत करायला माणसांना जीवावर येतं.

त्यांनीच मुखपृष्ठ निघालेलं एक भाषांतर हातात ठेवलं. “न्या की. खरं रात्री वाचू नकासा.” (आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

त्यात जर्मनमध्ये लिहिणाऱ्या काफ्काची ‘इन द पीनल कॉलनी’ ही यंत्राची कथा होती. १९१४ साली लिहिलेली, छापून आली १९१९ ला. कैद्याला पलंगावर बांधायचं आणि त्यानं मोडलेला नियम सुयांनी त्याच्याच अंगावर कोरायचा. बारा तासांचं काम. शिकलेली माणसं यात काय काय बघत असतील ते असो, मी आधी मेंटेनन्स बघितला. वरच्या भागातलं चाक करकरतंय, स्पेअर वेळेवर येत नाही, नवा पट्टा मागवला की दहा दिवस, आणि तोही हलका माल. मनगटाचा पट्टा तर ऐन वेळी तुटतो! हे लिहिणाऱ्यानं कारखाना जवळून बघितला असणार, असं तेव्हाच वाटलं. नंतर कळलं, हा माणूस १९०८ पासून प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विमा कचेरीत होता. रंधा मशीनचा चौकोनी शाफ्ट बोटं खातो, गोल बसवा, असा अहवाल त्यानं १९१० मध्ये लिहिला होता. घरात जर्मन, बाहेर गाव चेक बोलणारं. आम्हाला हे नवीन नाही.

खरा अडकलो तो दुसऱ्याच जागी. कथेतला यंत्र चालवणारा अधिकारी सगळं फ्रेंचमध्ये समजावतो आणि ज्याच्या अंगावर कोरणार त्याला फ्रेंच येत नाही. शिक्षा काय, तेही त्याला सांगितलेलं नाही. सहाव्या तासाला जखमांवरून ते वाचता येतं म्हणे. त्याच आठवड्यात भरपाईचा फॉर्म घेऊन मी एका कचेरीत उभा होतो. कन्नडमध्ये भाजी घेतो, भांडतोही, पण वाचता येत नाही. कारकुनानं बोट ठेवलं तिथं अंगठा उठवला. तो शिल्लक आहे, नशीब. वर काय छापलं होतं ते शेजारच्या पोरानं घरी आल्यावर वाचून दाखवलं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा पावसापायी कापला, एक बारीक टाईपापायी. चाळिशीनंतर तो झेपत नाही. पुस्तक नऊ दिवस उशिरा दिलं, दंड रोजचा २ रुपये. काकूंनी घेतला नाही.

“तुमच्या उद्यमबागेत मिळाला असता की हो तो पट्टा,” म्हणाल्या.

“मिळाला असता. खरं ऑर्डर लेखी लागते.”