लकडगंजचा माल, ठेक्याचा मिस्त्री: पहिल्या फ्लॅटचे फर्निचर बांधून घेण्याचा अनुभव कसा ठरतो

नागपुरात बेसा, मनीषनगर किंवा हिंगणा रोडवर पहिल्या फ्लॅटचा ताबा मिळाला की फर्निचरसाठी तीन रस्ते उरतात. शोरूममधून तयार घ्या, मॉड्युलरवाल्याला सगळे सोपवा, नाहीतर लकडगंजाच्या लाकूडपेठेतून माल आणून मिस्त्रीकडून बांधून घ्या. हे परीक्षण तिसऱ्या रस्त्याचे आहे. निकाल आधीच सांगतो. आलमारी, पलंग आणि दिवाण या तीन गोष्टींसाठी तेवढ्याच पैशांत यापेक्षा चांगले काही मिळत नाही. खुर्च्या आणि सोफ्यासाठी मात्र हा रस्ता धरू नका. आणि एक अट आहे: प्लायचा पहिला तुकडा विकत घेण्यापूर्वी कटिंगचा नकाशा कागदावर असला पाहिजे. बजेट बिघडते ते बहुतेक वेळा याच कागदाविना.

भाव दर महिन्याला हलतात, म्हणून इथे दरांपेक्षा मात्रेवर भर आहे. मात्रा हाती असली की दोन दुकानांचे कोटेशन कुणालाही पडताळता येते.

६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल अशी आलमारी धरू. प्लायचे शीट ८ बाय ४ फुटांचे, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. खोली पूर्ण २४ इंच सांगितली की घोटाळा होतो. करवतीचे पाते जाताना सूतभर लाकूड खाते, त्यामुळे एका शीटमधून २४ इंचाची एक पट्टी निघते आणि दुसरी सूतभर कमी भरते. मग दुसरे शीट फोडावे लागते. खोका सव्वातेवीस इंच खोल ठेवा. पुढे पाऊण इंचाचा दरवाजा आला की बाहेरून बरोबर २४ होतात, आणि प्रत्येक शीटमधून दोन पट्ट्या सुटतात. उभ्या बाजू दोन, मधल्या उभ्या फळ्या दोन, वर-खाली दोन, आणि आठ खणांसाठी दोन पट्ट्या. एकूण आठ पट्ट्या, म्हणजे १८ एमएमचे ४ शीट. उभ्या पट्ट्या ८४ इंचांच्या, त्यामुळे प्रत्येकीचा १२ इंची तुकडा उरतो. हे चार तुकडे मधून चिरले की दोन ड्रॉवरच्या आठही बाजू निघतात. पाठीला ६ एमएमचे दीड शीट लागते. दुसऱ्या शीटच्या उरलेल्या अर्ध्यातून ड्रॉवरचे तळ होतात. नकाशा नसेल तर हेच तुकडे भंगारात जातात आणि ड्रॉवरसाठी नवीन शीटची चिठ्ठी येते.

मधे दोन उभ्या फळ्या घ्या म्हणण्याचे कारण खणाची लांबी. एकच फळी घातली तर खण जवळपास ३५ इंच लांब होतो आणि साड्यांच्या किंवा पुस्तकांच्या वजनाने १८ एमएमची फळी दोन-तीन वर्षांत मधे झोल धरते. दोन फळ्यांनी खण २३ इंचांवर येतो आणि झोल पडत नाही. ३० इंचांपेक्षा लांब खण ठेवायचाच असेल तर पुढच्या कडेखाली दीड इंचाची उभी पट्टी मारून घ्या.

दरवाजे मात्र प्लायचे नकोत. ८० इंच उंच दरवाजा प्लायमध्ये वाकण्याची भीती जास्त. १९ एमएमचा पाइन भरणाचा ब्लॉकबोर्ड त्याच उंचीला सरळ राहतो आणि हलकाही असतो. आतल्या लाकडी पट्ट्या दरवाजात उभ्या आल्या पाहिजेत, आडव्या आल्या तर ब्लॉकबोर्ड घेण्याचा अर्थच उरत नाही. तीन दरवाज्यांना दीड शीट लागते. उरलेल्या अर्ध्यातून खालची ३ इंची स्कर्टिंग आणि ड्रॉवरची तोंडे निघतात.

आता सनमायका. यात लोक सर्वाधिक फसतात, कारण कोटेशनमध्ये बाहेरचाच दिसतो. वरच्या आलमारीला बाहेरून १ एमएमचे २ शीट पुरतात: तीन दरवाजे आणि एक दिसणारी बाजू. आतून सगळीकडे लावायचा ठरवला तर ०.८ एमएमचे ९ शीट लागतात, शिवाय शीटमागे किलोभर फेविकॉल आणि चिकटवण्याची मजुरी. पैसे वाचवायचे तर खोक्याच्या आत रंग चालतो. पण दरवाज्याच्या दोन्ही अंगांना सनमायका हवाच. बाहेरून सनमायका आणि आतून नुसता रंग असला की दोन्ही बाजू ओल वेगवेगळ्या प्रमाणात ओढतात आणि दरवाजा धनुष्यासारखा वाकतो. त्यानंतर बिजागरी कितीही फिरवली तरी तो बसत नाही. हा दोष दुरुस्त होत नाही, दरवाजाच बदलावा लागतो.

लकडगंज ही नागपूरची जुनी लाकूडपेठ. इथला मोठा फायदा असा की प्लाय, सनमायका, सागवान आणि कटिंग एकाच फेरीत जमते. प्लाय घेताना शीटवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ या भारतीय मानकात दोन दर्जे येतात, एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारा). आयएस ७१० म्हणजे मरीन. एमआर ओलाव्यापुरता ठीक, बीडब्ल्यूआर ८ तास उकळत्या पाण्यात टिकावा आणि मरीन ७२ तास, अशी मानकाची कसोटी आहे. आयएसआय चिन्हासोबतचा सीएम/एल परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून दुकानातच तपासता येतो. ज्या दुकानदाराला याचा राग येतो, त्याच्याकडून शीट घेऊ नये.

शिक्क्यावर न थांबता कड बघा. थरांमध्ये पोकळी, एकावर एक चढलेले थर, जाडीत चोरी हे सगळे कडेला दिसते. १९ म्हणून विकलेले शीट कॅलिपरने १७ भरणे ही नेहमीची गोष्ट आहे. वजनही सांगते: चांगल्या कठीण लाकडाचे १८ एमएमचे शीट ३२ ते ३८ किलोंचे असते. एका माणसाने सहज उचलले तर आत पॉप्लर किंवा तसलेच हलके लाकूड समजा. बेडरूमच्या कोरड्या भिंतीला ते चालेल, पण भाव त्याच हिशेबाने द्यावा.

एमआर की बीडब्ल्यूआर? चौरस फुटामागे २० रुपयांचा फरक धरला तरी चार शीटच्या १२८ चौरस फुटांवर तो २,५६० रुपये होतो. बाथरूमच्या भिंतीला टेकणारी आलमारी, स्वयंपाकघराचे खोके आणि तळमजल्याचा फ्लॅट यांसाठी हे पैसे द्या. स्वयंपाकघरात सिंकखाली तर मरीनच. बाकी ठिकाणी चांगला एमआर पुरतो, आणि सगळीकडे मरीन घ्या म्हणणारा सल्ला बजेटवाल्यासाठी नाही.

बिजागऱ्यांत काटकसर करू नये, कारण रोज हात तिथेच लागतो. ८० इंच उंच दरवाज्याला चार लागतात, तीन दरवाज्यांना बारा. यादीत फक्त ‘ऑटो हिंज १२ नग’ लिहू नका. दोन्ही टोकांचे दरवाजे बाहेरच्या बाजूवर पूर्ण चढतात, त्यांना झिरो क्रँकच्या, म्हणजे सरळ दांडीच्या, आठ. मधला दरवाजा मधल्या फळीच्या अर्ध्यावर थांबतो, त्याला ८ क्रँकच्या, म्हणजे थोड्या वाकलेल्या दांडीच्या, चार. सगळ्या एकाच क्रँकच्या आणल्या की मधला दरवाजा शेजारच्यावर आदळतो आणि मिस्त्री मग तो रंधून अरुंद करतो. ड्रॉवरचा खोका खणाच्या आतल्या मापापेक्षा १ इंच अरुंद हवा, दोन्ही बाजूंच्या सरकत्या चॅनलला अर्धा-अर्धा इंच. शिवाय दरवाजामागे ड्रॉवर असेल तर बिजागरीच्या बाजूला एक इंचाची पट्टी भरून चॅनल आत घ्या. हे विसरले की ड्रॉवर उघड्या दरवाज्याला अडतो. नव्या आलमाऱ्यांमधली ही सर्वात नेहमीची चूक.

नागपूरच्या हवेचा विचार इथे वेगळा करावा लागतो. पारा ४५ च्या पुढे गेला की घरात कूलर सुरू होतो, आणि बाहेर लाकूड वाळत असताना खोलीत ते ओल पिते. कूलरच्या झोतात येणारी आलमारी मे महिन्यातच फुगते, पावसाळ्याची वाट बघत नाही. त्यामुळे कूलरची खिडकी आधी ठरवा आणि आलमारी तिच्या समोर ठेवू नका. दरवाज्यांमध्ये ३ एमएमची फट ठेवा. कडेला सुतारी बीडिंगऐवजी मशीनवर लावलेली २ एमएमची पीव्हीसी पट्टी घ्या. ओल कडेतूनच शिरते. आलमारीची पाठ भिंतीपासून बोटभर सुटी ठेवली तर भिंतीची ओल आणि वाळवी दोन्ही उशिरा पोहोचतात.

काम उन्हाळ्यात काढायचेच असेल तर सनमायका सकाळी चिकटवायला सांगा. भर दुपारी फेविकॉलवर साय धरते, शीट वरून बसल्यासारखे दिसते आणि दोन महिन्यांत कोपऱ्याला फुगा येतो. जमत असेल तर दिवाळीनंतरचे महिने धरा.

पलंगासाठी सागवान की प्लाय, यावर उत्तर सोपे आहे. खाली सामान ठेवायचे असेल तर प्लायचा बॉक्स, नसेल तर सागवानाची चौकट. चंद्रपूरकडचे सागवान बाजारात ‘सीपी टीक’ नावाने ओळखले जाते, आणि नव्या संसद भवनातले सागवान नागपूरहूनच गेले होते. पण लकडगंजात परदेशी लागवडीचे सागवानही शेजारीच रचलेले असते. त्याची वर्षवलये रुंद असतात. दोन्हींचा भाव वेगळा आहे, म्हणून बिलावर जात लिहून घ्या. पांढरा भाग बाद करून मोजायला सांगा. वाळवी आधी तोच खाते.

लाकूड घनफुटावर विकतात. जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४. ३ बाय ३ चे दीड फुटी चार पाय ०.३८ घनफूट, दीड बाय ६ च्या साडेसहा फुटी दोन लांब पट्ट्या ०.८१. असे एकेक तुकडा मांडत गेले की साध्या डबल पलंगाचा आकडा घरीच निघतो. त्यावर रंधकामाची घट धरा. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांचे उतरवलेले सागवान मिळाले तर जरूर बघा: ते वर्षानुवर्षे वाळलेले असते, पिळत नाही. मात्र आतले खिळे काढल्याशिवाय मशीनवाला ते हातात घेत नाही, आणि तो खर्च तुमच्याकडे येतो.

गादी आधी, पलंग नंतर. ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तीन लांब्या बाजारात आहेत. ७२ चा पलंग बांधून ७८ ची गादी आणणे फार महाग पडते. आतले माप गादीपेक्षा १ इंच मोठे ठेवा, म्हणजे चादर खोचायला बोटे शिरतात. बॉक्सचे झाकण उचलणारा हायड्रॉलिक पंप गादीच्या वजनावरून निवडतात, म्हणून तोही नंतर. बॉक्सच्या बाजूंना जाळीची भोके ठेवायला सांगा, नाहीतर कूलरच्या दिवसांत आतल्या गोधड्यांना वास येतो.

सोफा बांधून घेऊ नका असे म्हणण्याचे कारण साधे आहे: आतली चौकट, पट्टे आणि फोम दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही तिथेच माल कमी पडतो. पहिल्या वर्षी ६ बाय ३ चा दिवाण पुरतो, पाहुणा आला तर झोपतोही. उंची गादीसह १७-१८ इंच ठेवा. ४ इंची गादीचा फोम ४० डेन्सिटीचा घ्या. खोळीला ५४ इंच पन्ह्याचे ४ मीटर कापड लागते, ते गांधीबागेतून आणा. पन्ह्याच्या उरलेल्या १८ इंचांतून बाजूची पट्टी निघते.

आता मिस्त्री. कामाचा दर्जा माणसागणिक बदलतो, आणि या पूर्ण रस्त्याची कमजोर कडी तीच आहे. त्याचे वर्षभरापूर्वीचे काम बघा, कालचे नव्हे. बिजागरी, कडा आणि ड्रॉवर वर्षाने खरे बोलतात. हजेरीवर काम लांबते, म्हणून ठेका बरा. पण चौरस फुटाचा ठेका म्हणजे समोरचे क्षेत्रफळ, आपल्या आलमारीचे ४२ चौरस फूट. ड्रॉवर त्यात धरले की वेगळे? सज्जा वेगळा? खिळे-फेविकॉल कोणाचे? लिफ्टमध्ये ८ फुटी शीट बहुधा उभे बसत नाही, मग मजल्यांची हमाली कोण देणार? हे चार प्रश्न लिहून, उत्तरे लिहून, खाली दोघांची सही. पैसे कामाच्या टप्प्यांनी द्या: खोके उभे झाल्यावर, सनमायका लागल्यावर, दरवाजे बसल्यावर. शेवटचे १० टक्के एक महिना हातात ठेवा, कारण दरवाजे पहिल्या महिन्यातच थोडे खाली उतरतात आणि बिजागरीला एकदा हात लावावाच लागतो.

कटिंग आणि कडेची पट्टी लकडगंजातच मशीनवर करून घेतली तर घरी भुसा कमी, काप काटकोनात, आणि मिस्त्रीचे दिवसही वाचतात. सोबत नकाशाची प्रत द्या, आणि प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने नाव लिहून घ्या: ‘डावी बाजू’, ‘मधली १’, ‘खण ४’. घरी पोहोचल्यावर जुळणी करताना सगळे तुकडे सारखेच दिसतात.