मंडळाकडे दहा हजार डॉलर उरले, तर निर्वासितांच्या मनासाठी ते कुणाला द्यावेत?

समजा, गणेशोत्सवाचा हिशेब लागला आणि अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या खात्यात दहा हजार डॉलर शिल्लक राहिले. समितीनं ठरवलं, यंदा पैसे इथेच, कोलंबस किंवा हॅरिसबर्ग शहरातल्या भूतानी-नेपाळी निर्वासितांच्या मानसिक आरोग्यासाठी द्यायचे. इथवर सगळे एकमतानं येतात. कुणाला द्यायचे, यावर मात्र दोन बैठका सहज जातात.

आधी याच लोकांना का, ते सांगतो. 1990च्या सुमारास भूताननं एक लाखाच्या आसपास नेपाळी भाषकांना देशोधडीला लावलं. जवळपास दोन दशकं ते पूर्व नेपाळच्या छावण्यांत राहिले आणि 2008पासून मोठ्या संख्येनं अमेरिकेत आले. 2009 ते 2012 या तीन वर्षांत इथे त्यांच्यातल्या 16 जणांनी आत्महत्या केल्या. सरकारी रोगनियंत्रण केंद्र सीडीसीनं हिशेब मांडला: वर्षाला लाखामागे 20.3. तेव्हा एकूण अमेरिकेचा दर होता 12.4. पाहणीत 21 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं दिसली, भूतकाळाच्या आघाताची मात्र पाच टक्क्यांच्या आत. मरणाचे विचार येणाऱ्यांत घर चालवणं हातचं गेलेले आणि आधाराला कुणी नाही असं वाटणारे जास्त होते. देणगी कुठे द्यायची, याचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

पुनर्वसन करणारी मोठी संस्था हा सगळ्यात सोपा पर्याय. ऑडिट चोख, पावती लगेच, कंपनीचं मॅचिंगही, म्हणजे आपल्या देणगीला कंपनीनं घातलेली जोड, विनाकटकट. पण त्यांचा सरकारी पैसा मुख्यतः नव्यानं आलेल्यांसाठी असतो, त्यातही पहिल्या नव्वद दिवसांसाठी. बारा-पंधरा वर्षांपूर्वी आलेली आजी त्यांच्या यादीत नसते. जानेवारी 2025मध्ये निर्वासितांचा प्रवेशच थांबवला गेला, सरकारी पैसा अडला आणि या संस्थांत मोठी नोकरकपात झाली. त्यांना मदतीची गरज आहे, यात शंका नाही. पण तुमचे दहा हजार तिथे दर्यात खसखस.

दुसरा पर्याय उपचार केंद्रांचा. मिनेसोटात छळ सोसलेल्यांसाठीचं केंद्र 1985पासून चालतं, न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातला उपक्रम 1995पासून. गंभीर आघातासाठी अशा जागांना तोड नाही, आणि जवळ असेल तर जरूर द्या. छोट्या गावातल्या माणसाला मात्र तिथवर पोचणंच कठीण.

आता तिसरा पर्याय, निर्वासितांचा स्वतःचा वस्तीतला गट. किराणा दुकानामागची एखादी खोली, नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग, म्हाताऱ्यांची दुपारची बैठक, उन्हाळ्यात भाजीचा वाफा. पाहायला गेलात तर ‘यात मानसिक आरोग्य कुठे आहे?’ असं वाटेल. नेपाळीत ‘मन’ आणि ‘दिमाग’ वेगळे. मन दुखलंय असं माणूस चारचौघांत सांगू शकतो. दिमाग बिघडला म्हटलं की तो वेडा ठरतो, मुलीचं लग्नही अडतं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. ‘मन लागत नाही’ आणि ‘डोक्यावर परिणाम झालाय’ यांतलं अंतर आपल्या घरातही तेवढंच आहे. मानसोपचाराची पाटी पाहून जो माणूस वळून जाईल, तोच वाफ्यात कोथिंबीर खुडताना रात्री झोप येत नाही हे बोलून जातो. तिथे ऐकायला नीट शिकवलेलं कुणीतरी हवं, बस. या समाजातल्या पुढाऱ्यांना मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण यापूर्वी दिलं गेलंय, तेव्हा शून्यापासून सुरुवात नाही.

पण हुरळून जाऊ नका. समाज लहान, सगळे एकमेकांच्या नात्यातले. नवऱ्यानं हात उचलला हे सांगायचं, तर ऐकणारा त्याचाच मावसभाऊ निघायचा! गटांत पुढारीपणाची भांडणंही असतात. मंडळ चालवणाऱ्यांना हे मी काय सांगावं. वर्षाची आवक साधारण 50,000 डॉलरच्या आत असेल, तर आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे, फक्त ई-पोस्टकार्ड हा छोटा ऑनलाइन अर्ज जातो. त्यावरून पैसा कसा खर्च झाला हे काहीच कळत नाही. म्हणून स्वतः जा. बोललेलं बाहेर जाऊ नये म्हणून काय करता, ते विचारा. निर्णय घेणाऱ्यांत बायका किती, तेही विचारा. आत्महत्येची भाषा कानावर आली तर पुढचा फोन कुणाला, याचं उत्तर लगेच मिळालं नाही तर थांबा. गटाला स्वतःचा करमुक्त दर्जा नसेल, तर दर्जा असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली पैसे देता येतात; ती आपला वाटा कापून घेते, हे धरून चाला.

चौथा पर्याय म्हणजे शहराच्या कम्युनिटी फाउंडेशनचा, म्हणजे देणग्या गोळा करून स्थानिक कामांना वाटणाऱ्या संस्थेचा, सामायिक निधी. समितीत कुणालाच वेळ नसेल, तर हाच घ्या. मात्र पैसे नेमके कुणापर्यंत जाणार, हे मग त्यांच्या हातात.

माझं मत वस्तीतल्या गटाच्या बाजूनं आहे, पण दहा हजार एकदम देऊन मोकळं होऊ नका. तीन वर्षांत वाटून द्या आणि तसं आधीच लिहून द्या. कशावर खर्च करायचा ते त्यांना ठरवू द्या; भाडं, पेट्रोल, फोनचं बिल यांना सहसा कुणी पैसे देत नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा: ऐकणाऱ्यांना महिन्यातून एकदा परवानाधारक थेरपिस्टचा तास मिळावा. ते रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकतात, आणि त्यांचं ऐकणारं कुणी नसेल तर वर्षभरात थकून सोडून जातात. दवाखान्यातल्या दुभाष्यावर मात्र एक डॉलरही घालू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाष्या मोफत द्यावाच लागतो. गटाला तो हक्कानं मागायला शिकवा.

अहवाल हवाच असेल, तर एक पान मागा. नेपाळीत लिहिलेलं चालेल, लिपी आपलीच आहे.