449 चा फायबर प्लॅन: खेड्यातल्या घराला कधी परवडतो?

बीएसएनएलच्या फायबरचा 449 चा प्लॅन विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत आणि आसपासच्या खेड्यांत बराच विचारला जातो. जाहिरातीत 449 असले तरी 18 टक्के जीएसटी धरून महिन्याचं बिल 530 च्या घरात जातं. वेग 30 एमबीपीएस धरला तरी दोन पोरांचा अभ्यास, एक मोबाईल आणि टीव्ही एकाच वेळी आरामात चालतात. मर्यादा महिन्याला 3300 जीबीची आहे. मजुरीवर चालणाऱ्या घरात ती संपायची नाही, तेव्हा त्यापुढे वेग किती उतरतो याची चौकशी करत बसू नका.

आधी घरातले फोन मोजा. रोज 2 जीबीचा रिचार्ज 349 चा आणि 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. तीन फोनांचे 13,611 रुपये होतात. घरी फायबर घेतलं तरी बोलण्यापुरता रिचार्ज सुटत नाही. तो 189 चा धरला तर तीन फोनांचे 7,371 आणि फायबरचे साधारण 6,360, मिळून 13,731. बचत काहीच नाही, फक्त डेटा भरपूर. चार फोन असतील तर वर्षाला दोन हजारांच्या आसपास वाचतात. एक-दोन फोनच्या घराने निव्वळ पैसे वाचवायला हे घेऊ नये.

खरा खर्च सुरुवातीला निघतो. वायर ठरावीक मीटरपर्यंत फुकट असते, पुढे मीटरमागे पैसे लागतात. गावठाणाबाहेरचं घर, पोड किंवा टोला असेल तर खांबापासूनचं अंतर आधी मोजून घ्या आणि खर्चाचा आकडा कागदावर लिहून मागा. डब्बा, म्हणजे ओएनटी, भाड्याने मिळत असेल तर भाड्यानेच घ्या. स्वतःचा घ्यायचाच असेल तर एक्सपॉन लिहिलेला घ्या, तो ईपॉन आणि जीपॉन या फायबरच्या दोन्ही पद्धतींच्या लाईनवर चालतो. नुसता ईपॉनचा स्वस्त डब्बा जीपॉनच्या लाईनवर शोभेचा.

जोडणी झाली की फायबरवाला जायच्या आत एक काम करून घ्या. त्याला पॉवर मीटर लावायला सांगा किंवा डब्ब्याच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे डब्ब्यापर्यंत पोचणारा उजेड, उघडून दाखवायला सांगा. आकडा उणे असतो. उणे 18 ते उणे 24 डीबीएम असेल तर उत्तम. उणे 27 असेल तर आज नेट चालेल, पण पहिल्या पावसातच तुटायला लागेल, कारण बहुतेक डब्बे त्याच्या आसपासच हात टेकतात. एवढा सिग्नल जातो कुठे? एका फायबरच्या आठ लाईनी करणारा स्प्लिटर साधारण 10 डीबी खातो, बत्तीसचा 17. गावात एकामागे एक स्प्लिटर टाकलेले असतात, आणि शेवटच्या घराच्या वाट्याला उरलेलं येतं. दर 3 डीबीला उजेड निम्मा होतो, हे लक्षात ठेवा. कधी दोष घरातच असतो: हिरव्या टोकाचा कनेक्टर धुळीने भरलेला, किंवा खिडकीच्या कोपऱ्यात वायर काटकोनात दाबलेली. कनेक्टर नवा मारला किंवा वायरीचा मोड सैल केला तरी दोन-तीन डीबी परत येतात. भिंतीजवळ दोन-तीन मीटर वायर गोल गुंडाळून ठेवायला लावा, पुढे तुटली तर नवी ओढावी लागत नाही.

डब्ब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकला तर डब्बा बंद-चालू करून काही होणार नाही. लाईन तुटलेली असते. नाली खोदणारा जेसीबी, कापसाने शीगभर भरलेली ट्रॉली, खांबावर लोंबकळणारी वानरं, कारणं ठरलेली. लाईन लागल्याचा पॉनचा दिवा हिरवा आहे आणि तरी नेट नाही, तर बिल, लॉगिन किंवा पलीकडची यंत्रणा बघा. वीज गेल्यावर डब्बा चालू राहावा म्हणून 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण एक्सचेंजची बॅटरी बसली असेल तर तो कामाचा नाही. आधी शेजाऱ्याला विचारा, लाईट गेल्यावर त्याचं नेट टिकतं का.

तक्रार तोंडी करू नका, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या. बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार भाड्यात सूट मागता येते, आणि त्यासाठी तो नंबरच लागतो. लाईनमन गावचा आहे की तीस किलोमीटरवरून येतो, हे 449 आणि 499 च्या प्लॅनमधल्या फरकापेक्षा जास्त महत्त्वाचं. पहिला पावसाळा पार पडेपर्यंत महिन्याच्या महिन्याला भरा. सोयाबीनचे पैसे हातात आले म्हणून वर्षाचे एकदम भरायची घाई नको.

फायबर पोचलंच नसेल तर एअर फायबर, म्हणजे टॉवरवरून हवेतून येणारं नेट, आहे. जिओचा 599 चा प्लॅन जीएसटीसह 707 ला पडतो. छतावरच्या यंत्रापासून घरात तांब्याची वायर उतरते, त्यामुळे विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा. फायबरमधून वीज वाहत नाही. तिथे धोका ॲडाप्टरच्या बाजूने येतो. मेळघाटासारख्या डोंगराळ भागात मात्र टॉवर समोर दिसत नसेल तर एअर फायबरच्या नादी लागू नका.

एक कनेक्शन घेऊन चार घरांत पैसे घेऊन वाटणं नियमात बसत नाही. त्यासाठी 2020 मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना आहे. किराणा दुकानदारही पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस) होऊन वायफाय विकू शकतो आणि त्याला परवाना लागत नाही. एक-दोन फोनच्या घराने आपल्या गावात असं दुकान आहे का, ते आधी पाहावं.