अरोरा फोर-एक्स: क्षेपणास्त्रात ॲक्टिव्ह सेन्सर घालावा की थर्मल?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अरोरा हा अंतराळयुद्धाचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांसाठी हा सल्ला. साध्या क्षेपणास्त्राला ते सोडणाऱ्या अंतराळ-जहाजाचा फायर कंट्रोल, म्हणजे नेम धरणारी यंत्रणा, वाट दाखवतो. ते जहाजच बुडालं, तर स्वतःचा सेन्सर नसलेली क्षेपणास्त्रं हवेतच नष्ट होतात. म्हणून सेन्सर हवा. पण कुठला?

ॲक्टिव्ह सेन्सर रडारसारखा स्वतः लहरी सोडून शोधतो, त्यामुळं थांबलेलं जहाजही पकडतो. मात्र जांबोटीच्या जंगलात रात्री बॅटरी लावणाऱ्यासारखी त्याची गत होते: त्याला समोरचं दिसतं, तसा तोही लांबून दिसतो. शत्रूचा ईएम (विद्युतचुंबकीय) सेन्सर ते उत्सर्जन टिपतो. खरी गफलत होते ती रिझोल्यूशनमध्ये, म्हणजे सेन्सर किती मोठ्या लक्ष्यासाठी बनवलाय त्या आकड्यात. रिझोल्यूशन १०० म्हणजे ५,००० टन. त्याहून लहान लक्ष्यासाठी पल्ला वजनाच्या गुणोत्तराच्या वर्गानं घटतो: २,५०० टनांच्या जहाजाला चौथाई, ५०० टनांच्या फायटरला (छोट्या लढाऊ यानाला) फक्त शंभरावा हिस्सा. फायटर मारायचे असतील तर रिझोल्यूशन १० ठेवा, म्हणजे ५०० टनांवर पूर्ण पल्ला मिळेल.

थर्मल सेन्सर इंजिनाची उष्णता टिपतो, स्वतः काहीच सोडत नाही, त्यामुळं त्याच्या सेन्सरवरून कुणाला सुगावा लागत नाही. पळणाऱ्या मोठ्या युद्धनौकेवर तो उत्तम. शत्रूनं इंजिनं बंद केली की मात्र उष्णतेची खूण एकदम कमी होते.

आकार ६ च्या क्षेपणास्त्रात १ आकाराचा सेन्सर म्हणजे सहावा भाग गेला. तेवढं इंजिन, इंधन किंवा स्फोटक कमी. म्हणून सगळ्यांत तो कोंबू नका. आमचा कौल सुरुंगांसाठी ॲक्टिव्हला, पाठलागासाठी थर्मलला.