साताऱ्याच्या मुरमावर कंपोझिट स्टिक: दसऱ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या आधी नवीन हॉकी स्टिक घेतली, खंडेनवमीला घरातल्या विळी-कोयत्याशेजारी ठेवून तिलाही हळदकुंकू लागलं आणि तेव्हापासून आता मे संपत आला तोवर आठवड्यातून दोन-तीन सकाळी ती हातात असते, त्यामुळे चार गोष्टी खात्रीने लिहिता येतील असं वाटतं. लिहायचं कारण असं की नेटवर स्टिकबद्दल जे काही सापडतं ते जवळजवळ सगळं टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. निळं, ओलं, सपाट टर्फ, बॉल रेषेत येतो. आणि आपण इथे मुरमावर खेळतो, बॉल घोट्यावर येईल का गुडघ्यावर ते येईपर्यंत कळत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की स्टिक आपलं मैदान बघून घ्या, टीव्हीवरची मॅच बघून घेऊ नका.

मी शाळेत असताना हॉकी खेळायचे, मग कॉलेज, नोकरी, लग्न, मुलं यात ते सुटलं, आणि चाळिशी जवळ आल्यावर साताऱ्यातल्याच एका हौशी क्लबात परत सुरू केलं. क्लब म्हणजे काही अकॅडमी वगैरे नाही. सकाळी सहाला ज्याला जमेल तो येतो, दोन-तीन रिटायर फौजी, एक शिक्षक, एक मेडिकल दुकानवाले, अकरावी-बारावीची पोरं आणि आम्ही थोड्या बायका. पूर्ण अकरा-अकरा क्वचितच होतात, जेवढे जमतील तेवढ्यांच्या दोन टीम पाडायच्या आणि मैदान तसं लहान करून खेळायचं. पहिल्या दिवशी मी आले तेव्हा मला कोणी विचारलं नाही की किती वर्षं खेळलाय, थेट हातात एक जुनी स्टिक दिली आणि राईट हाफला उभं केलं, हे मला फार आवडलं होतं आणि अजूनही नवीन येणाऱ्याला तसंच घेतात.

आता स्टिक. कंपनीचं नाव टाकत नाही कारण या किमतीत जालंधर-मेरठच्या बऱ्याच कंपन्यांच्या स्टिक साधारण अशाच असतात आणि मुद्दा मटेरियलचा आणि आकाराचा आहे. साडेछत्तीस इंची, वजन ५३० ग्रॅमच्या आसपास, तीस टक्के कार्बन आणि बाकी मुख्यतः फायबरग्लास, बो म्हणजे स्टिकचा बाक मध्यम. नियमात स्टिकची लांबी जास्तीत जास्त १०५ सेंटीमीटर, वजन ७३७ ग्रॅम आणि बाक २५ मिलिमीटर चालतो, त्यामुळे नियमात बसणाऱ्या स्टिकमध्येसुद्धा भरपूर फरक असतो आणि दुकानदार म्हणाला चालते म्हणून आपल्याला चालेलच असं नाही. लांबी बघताना बूट घालून उभं राहा, स्टिक शेजारी उभी धरा, कमरेच्या हाडापर्यंत आली की साधारण बरोबर. लांब स्टिकने पोच वाढते हे खरं आहे पण मुरमावर बॉल शेवटच्या क्षणी उडतो तेव्हा लांब स्टिक पटकन आवरत नाही, म्हणून मी साडेसदतीस घेतली नाही.

कार्बनचं जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. आमच्यातल्या एका पोराने नव्वद टक्के कार्बनची स्टिक आणली होती, हिट काय जाते तिची, डोळ्यासमोरून बॉल गायब. पण ती स्टिक इतकी कडक की बॉल थांबवायला गेलं की टक्कन दोन हात पुढे उडतो, आणि बॉल टोकाला नाहीतर दांड्यावर लागला की मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. टर्फवर बॉल जिथे अपेक्षित तिथेच येतो त्यामुळे चांगल्या खेळाडूचा असा चुकीच्या जागी लागलेला बॉल दहातला एखादाच असेल, मुरमावर मात्र आपल्यासारख्यांचा निम्मा वेळ चुकीच्या जागी लागलेला बॉल सावरण्यातच जातो. फायबरग्लास जास्त असलेली स्टिक तो दणका पिऊन टाकते. मला बॉल स्टिकला लागला की तो तिथेच राहिला पाहिजे, हिट दहा मीटर कमी गेली तरी चालेल. आणि माझ्या स्टिकने हे काम पहिल्या आठवड्यापासून आजपर्यंत चोख केलंय.

पण नुसती स्टिक हे करत नाही. आमच्याकडे एक सुभेदार काका आहेत, फौजेत हॉकी खेळलेले, अजून तुतीच्या लाकडाची स्टिक वापरतात. नवीन स्टिक घेऊन मी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्याने तोल बघितला, मला परत दिली आणि समोर वीस पावलांवर जाऊन उभे राहिले. मग मुद्दाम खड्ड्यातून, दगडावरून उडेल असा एकेक बॉल पाठवायला लागले. "ताई, वरचा हात घट्ट, खालचा सैल सोड. बॉलला येऊ दे की तुझ्याकडं, तू कशाला पळतीस त्याच्यावर." खालचा हात सैल सोडून स्टिक पंधरा-वीस अंश पुढे झुकवली आणि बॉल लागायच्या क्षणी जराशी मागे घेतली की उडालेला बॉलसुद्धा पायापाशी मरून पडतो. ते जमलं त्या सकाळी काका एवढंच म्हणाले, "व्हय, आता झालं," आणि दुसऱ्याला शिकवायला गेले. मी हे लिहितेय कारण स्टिकला नावं ठेवणारे बरेच जण दोन्ही हातांनी ती आवळून धरतात.

बाकाबद्दल. हल्ली लो बो स्टिकची क्रेझ आहे, बाक खाली हेडजवळ, म्हणजे स्टिकच्या वळलेल्या टोकाजवळ असतो, ड्रॅगफ्लिक (बॉल स्टिकवर ओढत नेऊन उचलून फेकणं) आणि उचलून पास द्यायला उत्तम. मी मध्यम बाक घेतला आणि त्याचं समाधान आहे. लो बो ने सरळ हिट मारताना बॉल जरा उचलला जातो, आणि आमच्याकडे बॉल आधीच उडत असतो, त्यात अजून उचलला तर समोरच्याच्या नडगीवर नाहीतर त्याहून वर. हौशी खेळात समोर कोणाचा बाप, कोणाची आई उभी असते, हे डोक्यात ठेवून मारायला पाहिजे. बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि चांगलाच कडक, लागला की कळतं. शिन गार्ड आणि माउथ गार्डशिवाय मैदानात उतरू नका, स्टिकवर पाचशे रुपये कमी घालवा पण हे घ्या. ड्रॅगफ्लिक तुम्हाला खरंच शिकायची असेल आणि टर्फ मिळत असेल तर मात्र लो बो बघा, तिथे माझा सल्ला लागू नाही.

आता झीज, म्हणजे ज्याच्यासाठी बहुतेक जण हे वाचत असतील. मुरूम स्टिकला खातो. स्टिक उलटी धरून हेडचा खालचा भाग बघितला की सगळं कळतं, आधी रंग जातो, मग वरचा चकचकीत थर, मग खालून फायबरचे पांढरट धागे दिसायला लागतात आणि बोट फिरवलं की खरखरतं, कधी एखादा बारीक तंतू बोटात घुसतो आणि दिवसभर टोचत राहतो. माझ्या स्टिकचा रंग दिवाळीच्या आसपास गेला, धागे जानेवारीत दिसायला लागले. हे फक्त दिसण्यापुरतं नाही. नियमाप्रमाणे स्टिक गुळगुळीत पाहिजे, कुठेही खरखरीत किंवा धारदार भाग चालत नाही, आणि टर्फवरच्या मॅचला गेलात तर अंपायर तेवढ्यावरून स्टिक बाहेर ठेवायला सांगू शकतो, त्याचं बरोबरही आहे.

उपाय सोपा आहे. धागे दिसले की बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं (तोंडाला रुमाल बांधून, ती धूळ चांगली नाही), ओल्या फडक्याने पुसायचं, ॲराल्डाइटचा अगदी पातळ थर द्यायचा, एक दिवस सुकू द्यायचं आणि वरून हेडच्या कडेला टेप. टेप मी मेडिकलमध्ये मिळते ती कापडी वापरते, दर दोन आठवड्यांनी बदलावी लागते पण खर्च किरकोळ आहे. फक्त थरावर थर चढवत बसू नका, नियमाप्रमाणे स्टिक ५१ मिलिमीटरच्या रिंगमधून टेपसकट जावी लागते. खरं तर टेप पहिल्या दिवसापासूनच लावावी, आमच्यातल्या दोघांनी तसं केलं आणि त्यांच्या स्टिक आज माझ्यापेक्षा बऱ्या दिसतात. आणि रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, कडेने जमिनीलगत मारायची जी हिट आहे ती मुरमावर कमीत कमी मारा, कड तिथेच जाते. ही डागडुजी केल्यापासून माझ्या हिटमध्ये काहीही फरक पडलेला नाही, कुठे चीर नाही, ठोकून बघितलं तर आवाज पहिल्यासारखाच घट्ट येतो. पोकळ खडखड आवाज यायला लागला तर समजायचं आतून सुटली.

ग्रिप मात्र कंपनीची अगदीच साधी होती. थंडीत ठीक चालली, पण मार्चनंतर घामाने निसरडी झाली आणि वरच्या टोकाला सुटायला लागली. बदलून टॉवेलची ग्रिप घातली, हात कोरडा राहतो, पण ती धुळीने लवकर मळते. अजून एक, उन्हाळ्यात स्टिक गाडीच्या डिकीत ठेवून ऑफिसला जाऊ नका, एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत जी उष्णता होते ती रेझिनला, म्हणजे आतले धागे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला, सोसत नाही. मी घरी ठेवून मगच कामाला जाते.

खरेदीचा अनुभव चांगला नव्हता तेही सांगते. ऑनलाइन मागवली, पहिली स्टिक आली तिच्या सपाट बाजूला हेडच्या वर फुगवटा होता, बोटाला स्पष्ट लागत होता. परत करायला गेले तर विक्रेत्याचं म्हणणं की हा वापराने आलेला आहे, आणि मी तर प्लास्टिकसुद्धा पूर्ण काढलं नव्हतं. फोटो, व्हिडिओ, फोन, मग पुन्हा फोटो, असं करत शेवटी बदलून मिळाली. राग आला होता, कारण फुगवट्याची स्टिक एखाद्या शाळकरी पोराला गेली असती तर त्याने तशीच वापरली असती आणि बॉल तिरका जातोय म्हणून स्वतःलाच दोष दिला असता. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, आणि स्टिक खिडकीतल्या उजेडात आडवी धरून सपाट बाजू नीट बघा.

मध्ये एकदा आम्ही सगळे पिंपरीला नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर मॅच बघायला गेलो होतो. टर्फवरचा खेळ समोरून बघितला की कळतं तो केवढा वेगळा आहे, पास किती लांबून आणि किती जोरात येतो आणि थांबवणारा मान वर करूनच तो घेतो. परत येताना गाडीत तोच विषय. भारताने १९७५ चा वर्ल्ड कप क्वालालंपूरला गवतावर जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम टर्फवर गेली तेव्हा आपण सातवे आलो. मनगटाची कला गवतावरची, आणि खेळ रातोरात दुसऱ्या जमिनीवर गेला. त्यामुळे मुरमावर खेळणाऱ्यांनी स्वतःला कमी समजायचं काही कारण नाही पण मुलांना पुढे जायचं असेल तर टर्फ हवंच, ही दोन्ही वाक्यं मला एकदम खरी वाटतात.

आणि आपल्या जिल्ह्याकडे बघा ना. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके भारतीय संघात खेळली. २०२४ मध्ये मस्कतला महिलांचा पहिला हॉकी फाइव्हज (पाच-पाच जणींच्या हॉकीचा) वर्ल्ड कप झाला, त्यात भारताला रौप्य मिळालं, त्या टीममध्ये अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ, दोघी फलटणकडच्या. सातारा म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, गोळेश्वरच्या खाशाबांचं १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझ आठवतं, आणि आठवलंच पाहिजे. त्याच हेलसिंकीत भारताने हॉकीचं गोल्डही घेतलं होतं, फायनलला नेदरलँड्सला ६-१ ने हरवून, हे इथे फार कोणी बोलत नाही. आमच्या क्लबात बारावीतली एक मुलगी येते, वैष्णवीचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघते आणि दुसऱ्या दिवशी तेच टॅकल आमच्यावर करते. तिच्याकडे स्वतःची चांगली स्टिक नव्हती, क्लबातल्या सगळ्यांनी मिळून दिवाळीत घेतली, माझ्यासारखीच, पण पहिल्या दिवसापासून टेप लावून.

नवीन सुरू करणाऱ्याने लगेच स्टिक विकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. महिनाभर क्लबातली जुनी वापरा, लाकडी असली तरी चालेल, दोन-तीन जणांच्या स्टिक मागून खेळून बघा, कोणी नाही म्हणत नाही. तेवढ्यात लांबी आणि वजन कळतं. मग दोन ते साडेतीन हजारात वीस-तीस टक्के कार्बनची, मध्यम बाकाची घ्या. सात-आठ हजारांची मुरमावर घासायला नेणं मला पटत नाही, ज्याची त्याची मर्जी.

आता पाऊस सुरू झाला की आमचं मैदान चिखल होतं आणि खेळ जवळपास बंद पडतो, त्याआधी हेडला पुन्हा एक थर देऊन स्टिक कपाटात आडवी ठेवणार आहे. पुढची घेईन तेव्हा मटेरियल हेच, बाकही हाच, वजन मात्र दहा-वीस ग्रॅम कमी, कारण शेवटच्या क्वार्टरमध्ये डावं मनगट भरून येतं. आणि ती दुकानात जाऊन, हातात धरून घेणार.